प्रेअरीवरचा शिपाई-शेतकरी: कागदपत्रांतून एक आयुष्य कसं जुळवावं

अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं. उत्तरेच्या फौजेतून सुटलेले हजारो शिपाई पुढच्या दहा-वीस वर्षांत कॅन्सस, नेब्रास्का आणि डकोटाच्या गवताळ माळावर, म्हणजे प्रेअरीवर, जमीन घेऊन बसले. त्यांपैकी एखाद्याचं आयुष्य तुम्हाला मांडायचं असेल, मग ते कादंबरीसाठी असो, एखाद्या घराण्याच्या इतिहासासाठी असो की निव्वळ अभ्यासासाठी, तर आधी दोन फायली मिळवा. एक जमिनीची, दुसरी पेन्शनची. जमिनीच्या फायलीत तो शपथेवर सांगतो की मी तीस एकर माळ फोडला, घर बांधलं, चार हंगाम पीक काढलं. पेन्शनच्या फायलीत तोच माणूस, कधी कधी त्याच सुमाराला, शपथेवर सांगतो की माझ्याच्यानं अंगमेहनत होत नाही. पहिल्यांदा वाचणाऱ्याला वाटतं, हा कुठेतरी खोटं बोलतोय. तसं लगेच ठरवू नका. या दोन जबान्या एकमेकींशी ताडून पाहिल्या की त्याच्या घरात नेमकं काय चाललं होतं ते दिसायला लागतं. खालची सगळी खटपट त्यासाठीच आहे.

पलटण आधी, नाव नंतर

नुसत्या नावावर शोध सुरू केला की हमखास भलताच माणूस हाती लागतो. एकाच राज्यातून एकाच नावाचे पाच-सहा जण फौजेत गेलेले असतात, आणि नावाचं स्पेलिंग कारकुनागणिक बदलतं. शिपायाची खरी ओळख म्हणजे राज्य, रेजिमेंट आणि कंपनी. ही तीन अंगं हाती आली की बाकीचे कागद आपोआप उघडतात.

ती मिळण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. १८७९ च्या कायद्यानंतर खासगी स्मशानातल्या सैनिकांच्या थडग्यांसाठीही सरकारी दगड मिळू लागले. त्या दगडावर ढालीच्या आकाराचा खोलगट भाग असतो आणि त्यात नाव, कंपनी, रेजिमेंट कोरलेलं असतं. दुसरी जागा १८९० च्या जनगणनेसोबत केलेली माजी सैनिकांची स्वतंत्र यादी. त्या वर्षीची मूळ जनगणना १९२१ च्या आगीत जवळजवळ सगळी गेली, पण सैनिकांची यादी अर्धीअधिक वाचली. राज्यांच्या इंग्रजी वर्णक्रमात केंटकीपासून पुढचे कागद शिल्लक आहेत. म्हणजे नेब्रास्का आणि दोन्ही डकोटा सापडतील, कॅन्ससची आशा धरू नका. कॅन्सससाठी त्या राज्यानं १८८५ मध्ये स्वतः केलेली जनगणना बघा, तिच्यात लष्करी नोकरीचे रकाने आहेत. तिसरी जागा माजी सैनिकांच्या ‘ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक’ या संघटनेच्या गावोगावच्या शाखांची नोंदवही. ही संघटना १८६६ मध्ये इलिनॉयमधल्या डिकेटर इथे सुरू झाली. शाखेच्या वहीत सदस्याचं जन्मस्थान, धंदा, भरतीची आणि सुटकेची तारीख, सुटकेचं कारण असं सगळं एका ओळीत मिळतं.

पलटण कळली की वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमधून त्याच्या नोकरीच्या नोंदी मागवा. त्यात हजेरीपटांवरून उतरवलेली कार्डं असतात. घरादाराबद्दल त्यांत काही नसतं, त्यामुळे त्यांच्यात फार वेळ घालवू नका. चारच गोष्टी टिपून घ्या: भरतीची तारीख, किती मुदतीसाठी भरती झाला, सुटकेची तारीख आणि कारण, आणि कोणकोणत्या महिन्यांत ‘गैरहजर, आजारी’ असा शेरा आहे. या चारही गोष्टी पुढे जमिनीच्या हिशोबातही लागणार आहेत.

जमिनीचा पत्ता वाचायला शिका

प्रेअरीवरच्या जमिनीला गट नंबर नसतो. तिचा पत्ता चौकोनांच्या जाळ्यावरून लिहितात. सगळा मुलूख सहा मैल लांब, सहा मैल रुंद अशा टाउनशिपमध्ये कापलेला आहे. एका टाउनशिपमध्ये एक चौरस मैलाचे ३६ सेक्शन. एक सेक्शन ६४० एकरांचा, त्याचा चतकोर १६० एकरांचा, म्हणजे साधारण ६५ हेक्टर. होमस्टेडवर, म्हणजे राहून कसण्याच्या अटीवर, सरकारकडून मिळणारी जमीन म्हणजे हा चतकोर. त्याची प्रत्येक बाजू अर्धा मैल.

सेक्शनचे आकडे ईशान्य कोपऱ्यातून सुरू होतात. वरच्या ओळीत १ ते ६ पूर्वेकडून पश्चिमेकडे जातात, ७ हा ६ च्या खाली येतो आणि ती ओळ उलट पूर्वेकडे वळते. शेतात नांगर जसा टोकाला जाऊन माघारी फिरतो, तसंच. ३६ वा आग्नेय कोपऱ्यात संपतो.

टाउनशिपचा आकडा आडव्या आधाररेषेपासून मोजतात, रेंजचा उभ्या मुख्य मध्यान्हरेषेपासून. समजा पत्ता असा आहे: ‘नैर्ऋत्य चतकोर, सेक्शन १४, टाउनशिप ५ उत्तर, रेंज ९ पश्चिम, सहावी मुख्य मध्यान्हरेषा’. सहाव्या रेषेची आडवी आधाररेषा म्हणजे ४० अंश अक्षांश, तीच कॅन्सस आणि नेब्रास्काची हद्द. टाउनशिप ५ उत्तर, म्हणजे जमीन नेब्रास्कात, आधाररेषेच्या वर सुमारे २७ मैलांवर आणि उभ्या रेषेच्या पश्चिमेला सुमारे ५० मैलांवर. इथे ‘उत्तर’च्या जागी ‘दक्षिण’ वाचलं की माणूस थेट कॅन्ससमध्ये जाऊन पडतो. जुन्या हस्ताक्षरात इंग्रजी एन आणि एस ओळखण्यात होणारी ही चूक सगळ्यात जास्त महागात पडते. मुख्य रेषा कोणती तेही विसरू नका. पूर्व डकोटाची मोजणी पाचव्या रेषेवरून आहे.

सेक्शनच्या आकड्यातही माहिती असते. १६ आणि ३६ हे शाळांसाठी राखून ठेवलेले. रेल्वेला जिथे जमीन बहाल झाली त्या पट्ट्यात विषम आकड्यांचे सेक्शन रेल्वेचे आणि सम आकड्यांचे सरकारचे. तुमच्या शिपायाची जमीन रेल्वेपट्ट्यात विषम सेक्शनमध्ये असेल, तर ती त्यानं बहुधा रेल्वेकडून विकत घेतली. मग होमस्टेडची फाइल शोधण्यात अर्थ नाही, तालुक्यासारख्या ज्या काउंटी कचेऱ्या असतात तिथलं खरेदीखत शोधा.

जमिनीची फाइल

होमस्टेडचा कायदा २० मे १८६२ चा, अंमल १ जानेवारी १८६३ पासून. एकवीस वर्षं पूर्ण किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या माणसानं अर्ज करायचा, सहा महिन्यांच्या आत जमिनीवर राहायला जायचं, पाच वर्षं राहून कसायची, आणि मग दोन साक्षीदार घेऊन शेवटचा पुरावा द्यायचा. १६० एकरांसाठी सरकारी खर्च बहुतेक ठिकाणी १८ डॉलर: १४ अर्जाच्या वेळी, ४ शेवटी. युद्धाच्या काळात चौदा दिवस जरी फौजेत काढले असतील तरी वयाची अट नव्हती.

सैनिकांसाठी महत्त्वाचा कायदा १८७२ चा. त्यानं फौजेतल्या नोकरीचा काळ पाच वर्षांतून वजा होऊ लागला. तीन वर्षं नोकरी केलेल्याला दोन वर्षं जमिनीवर काढली की पुरे. चार वर्षं नोकरी असली तरी एक वर्ष राहणं मात्र सक्तीचं. आणि जो जखमेमुळे किंवा नोकरीत आलेल्या अपंगत्वामुळे मुदतीआधी सुटला, त्याला भरतीची पूर्ण मुदत धरून मिळे. तीन वर्षांसाठी भरती होऊन आठव्या महिन्यात गोळी लागून घरी आलेल्याच्या खात्यात तीन वर्षं जमा. म्हणूनच वर सुटकेचं कारण टिपून ठेवायला सांगितलं. शिपाई वारला असेल तर हा हक्क विधवेला आणि अज्ञान मुलांनाही होता.

शोधाचा क्रम असा ठेवा. जनरल लँड ऑफिस म्हणजे सरकारी जमिनीचं खातं. त्याच्या पट्ट्यांचा, म्हणजे मालकी देणाऱ्या सरकारी कागदांचा, संग्रह इंटरनेटवर फुकट आहे. तिथे नाव आणि राज्य घालून पट्टा शोधा. पट्ट्यावर जमिनीचा पत्ता, लँड ऑफिसचं नाव आणि अंतिम दाखल्याचा नंबर असतो. १९०८ च्या आधीच्या फायली लँड ऑफिसप्रमाणे लावलेल्या आहेत, म्हणून पत्ता, ऑफिस आणि नंबर हे तिन्ही दिल्याशिवाय नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये फाइल हाती लागत नाही.

पट्टा एका पानाचा असतो आणि त्यात माणूस दिसत नाही. फाइलमध्ये दिसतो. शेवटच्या पुराव्याच्या छापील प्रश्नावलीत विचारलेलं असतं: घर कधी बांधलं, राहायला कधी आलात, कुटुंबात कोण कोण, मध्ये कधी जमीन सोडून गेलात का आणि कशासाठी, किती एकर मोडली, म्हणजे माळ फोडून नांगराखाली आणली, किती हंगाम पीक घेतलं, सुधारणा कोणत्या आणि त्यांची किंमत काय. आपल्याकडे सातबाऱ्यावर वर्षागणिक पिकाची नोंद असते. इथे एका कागदावर पाच वर्षांचा संसार येतो. दोन साक्षीदारांनी हेच प्रश्न सोडवलेले असतात, त्यांची उत्तरं अर्जदाराच्या उत्तरांशी ताडून बघा. साक्षीदारांची नावं वेगळी लिहून ठेवा. हीच माणसं पेन्शनच्या फायलीत पुन्हा भेटतात. १८७९ पासून शेवटच्या पुराव्याआधी स्थानिक वर्तमानपत्रात नोटीस छापावी लागे आणि तिच्यात चार साक्षीदारांची नावं असत. फाइलमध्ये ते कात्रण बहुतेक असतंच. परदेशात जन्मलेल्याच्या फायलीत नागरिकत्वाचा कागद मिळतो, आणि सैनिकाच्या फायलीत सुटकेच्या दाखल्याची नक्कल.

पट्टाच सापडला नाही तर माणूस तिथे नव्हता असं समजू नका. पुष्कळांनी जमीन मध्येच सोडली, आणि अर्धवट राहिलेले अर्ज पट्ट्यांच्या संग्रहात येत नाहीत. त्यासाठी ट्रॅक्ट बुकं बघावी लागतात. ती जमिनीच्या पत्त्याप्रमाणे लिहिलेली आहेत. एकाच चतकोरावर आधी कोण आला, कधी गेला, मग कोण आला हे सगळं तिथे ओळीनं मिळतं. पट्ट्यावर ‘रोख विक्री’ असं दिसलं तरी लगेच निष्कर्ष काढू नका. होमस्टेडवाला सहा महिने राहून एकरी सव्वा डॉलर भरून जमीन मोकळी करून घेऊ शकत होता, आणि असे पट्टे रोख विक्रीच्याच सदरात गेले.

एकरांचा आकडा पायांत मोजा

‘तीस एकर मोडली’ हे तीन शब्द वाचून पुढे जाऊ नका. नांगराचं तास, म्हणजे एका फेरीत पडणारी चिरी, बारा इंच रुंद धरा. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट, त्यामुळे एक एकर नांगरायला ४३,५६० फूट चालावं लागतं, म्हणजे सव्वाआठ मैल. वळणं वेगळी. तीस एकरांना जवळजवळ अडीचशे मैल, नांगराच्या मुठी धरून, एक पाय तासात आणि एक पाय वर ठेवून. चौदा इंची नांगर असेल तर एकरी सात मैल. आता पेन्शनच्या अर्जातला ‘डाव्या घोट्याला गोळी’ हा शेरा या अडीचशे मैलांशेजारी ठेवून बघा.

माळ फोडण्याचा मोसमही आखूड. गवत जोमानं वाढत असताना, मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत किंवा फार तर जुलैच्या सुरुवातीपर्यंत, दोन-तीन इंच उथळ तास घेऊन सोड, म्हणजे गवताच्या मुळांनी बांधलेला मातीचा थर, उलटी पाडायची, म्हणजे मुळं कुजतात. उशिरा किंवा खोल फोडली तर सोड कुजत नाही, नुसती वाळून विटेसारखी होते आणि पुढल्या वर्षी तिच्यातून कुळव चालत नाही. शरद ऋतूत तीच जमीन आणखी एक-दोन इंच खोल परत नांगरतात. नांगराला चार-सहा बैल, आणि दिवसाला एकर, फार तर दोन एकर. म्हणून एकट्या माणसानं पहिल्या वर्षी ऐंशी एकर मोडली असं लिहिलं असेल तर भाड्यानं नांगरवाला आणला होता, मुलगे होते, किंवा आकडा फुगवला आहे. १८७० च्या दशकाच्या मध्यानंतर बसून चालवायचे नांगर मिळू लागले. फायलीतल्या अवजारांच्या यादीत तो आहे का बघा. पायानं अधू शिपायासाठी त्या एका वस्तूनं सगळं बदलतं.

पहिल्या वर्षीचं पीक म्हणजे उलट्या सोडेत कुऱ्हाडीनं खाच पाडून टोकलेला मका. त्याला धड उतारा नसतो. गहू दुसऱ्या वर्षापासून. त्यामुळे ‘पहिला हंगाम, दहा एकर मका’ या नोंदीवरून घरात धान्य भरलं असं लिहू नका.

घराच्या नोंदीचंही तेच. ‘सोडचं घर, १६ बाय २०’ असं दिसेल. मुळांसकट कापलेले मातीचे हे ठोकळे साधारण एक फूट रुंद, चार इंच जाड आणि दोन-तीन फूट लांब. गवताची बाजू खाली ठेवून ते विटांसारखे सांधेमोड करून रचायचे, भिंत दोन ते तीन फूट जाड. असल्या एका घराला साधारण अर्ध्या एकराची सोड लागते. खिडकीच्या चौकटीवर जाणून मोकळी फट ठेवून ती चिंध्यांनी किंवा गवतानं भरत, कारण भिंत बसत जाते आणि फट नसेल तर काच तडकते. वर कॉटनवुडच्या झाडाचं आढं, वासे, त्यावर झुडपांच्या फांद्या आणि पुन्हा सोड, म्हणजे आपलं धाब्याचं घरच. पाऊस थांबल्यावरही दोन-तीन दिवस आतून गळत राहतं. संधिवातानं धरलेल्या माणसानं या घरात काढलेले हिवाळे तुमच्या लिखाणात यायला हवेत, फाइल ते स्वतःहून सांगणार नाही.

पेन्शनची फाइल

हिची यादी दोन तऱ्हांनी लावलेली आहे, एक नावानं आणि एक पलटणीनं. तुमच्याकडे रेजिमेंट आणि कंपनी असेल तर दुसरी यादी सोयीची. यादीच्या कार्डावर शिपायाचा अर्ज नंबर, मंजुरीचा दाखला नंबर आणि असल्यास विधवेचे नंबर असतात. सगळे नंबर लिहून मागणी करा. शिपाई किंवा त्याची विधवा १९२० च्या दशकाच्या पुढे पेन्शन घेत राहिली असेल तर फाइल माजी सैनिकांच्या खात्याकडे असू शकते. दक्षिणेच्या फौजेतल्या शिपायाला संघराज्याची पेन्शन नव्हती. ती दक्षिणेतल्या राज्यांनी दिली, म्हणून तिथल्या राज्य अभिलेखागारात शोधा.

फाइल वाचायच्या आधी कायदा माहीत हवा, कारण अर्जाची भाषा कायद्याच्या मापानं कापलेली असते. १८६२ च्या कायद्यानं पेन्शन हवी तर दुखणं फौजेतल्या नोकरीतच लागलं हे सिद्ध करावं लागे. साध्या शिपायाला पूर्ण अपंगत्वासाठी महिना ८ डॉलर. त्यामुळे त्या काळातल्या अर्जांत जुने सोबती शपथेवर सांगतात की अमुक छावणीत याला जुलाब लागले, अमुक कूच करताना हा पडला. २७ जून १८९० च्या कायद्यानं मोजपट्टी बदलली. नव्वद दिवस नोकरी आणि अंगमेहनतीला असमर्थता, एवढंच पुरे, दुखणं युद्धातलं असो वा नसो. रक्कम महिना ६ ते १२ डॉलर. १८९० नंतरच्या अर्जांत ‘अंगमेहनत होत नाही’ हे वाक्य जिकडे तिकडे दिसतं ते यामुळे. ते कायद्यानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आहे. त्याचा अर्थ माणूस खाटेवर पडून होता असा घेऊ नका. शेजाऱ्यांच्या प्रतिज्ञापत्रांत ‘धडधाकट माणसाच्या निम्मं काम करू शकतो’ अशी मोजमापं येतात. ती जपून उतरवा, तीच सर्वांत खरी. १९०७ पासून नुसत्या वयावर पेन्शन मिळू लागली, बासष्टीला १२ डॉलर, आणि मग दुखण्याची वर्णनं फायलीतून जवळजवळ नाहीशी होतात.

डॉक्टरांच्या तपासणीचे कागद सगळ्यांत आधी वाचा. उंची, वजन, जखमेच्या व्रणाची जागा आणि इंचांत लांबी, तळहाताला घट्टे आहेत की नाही हेसुद्धा काही डॉक्टर लिहितात. घट्ट्यांची नोंद सापडली तर ती सोन्यासारखी. १८९८ मध्ये पेन्शन खात्यानं एक छापील प्रश्नपत्रक पाठवलं होतं: बायकोचं माहेरचं नाव, लग्न कुठे, कुणी लावलं, आधीचं लग्न होतं का, हयात मुलांची नावं आणि जन्मतारखा. घराण्याचा इतिहास लिहिणाऱ्याला हा एक कागद पुरा पडतो. विधवेची फाइल असेल तर लग्नाचा पुरावा म्हणून घरच्या बायबलमधून फाडून पाठवलेलं जन्म-लग्नांच्या नोंदींचं पानही कधी कधी सापडतं. त्यावरच्या शाईत फरक आहे का बघा. सगळ्या तारखा एकाच शाईनं, एकाच हातानं लिहिलेल्या असतील तर त्या नंतर एका बैठकीत लिहिल्या आहेत, त्यांच्यावर विसंबू नका.

दोन्ही समोरासमोर

एक मोठा कागद घ्या आणि तीन उभे रकाने आखा. पहिल्यात वर्ष, दुसऱ्यात जमिनीची फाइल, तिसऱ्यात पेन्शनची. वर्षाला एक ओळ. समजा १८७३ मध्ये अर्ज, १८७५ मध्ये शेवटचा पुरावा, पस्तीस एकर मोडलेली. तिसऱ्या रकान्यात १८७४ मधला पेन्शनचा अर्ज, हर्निया आणि जुनाट जुलाब. आता प्रत्येक ओळीला तीन प्रश्न विचारा.

पहिला: दोन वर्षांत पुरावा कसा? नोकरीच्या नोंदी काढा. तीन वर्षं वजा झाली असतील तर हिशोब जुळतो. जुळत नसेल तर रोख रक्कम भरली का ते बघा.

दुसरा: नांगर कुणी धरला? कुटुंबातल्या माणसांची वयं दोन्ही फायलींतून काढून त्या त्या वर्षाच्या ओळीत लिहा. चौदा वर्षांचा मुलगा बैल हाकतो. बायको टोकते, खुरपते, गाई काढते, आणि नवरा हॉस्पिटलात किंवा मजुरीला गेला असताना जमिनीवर राहून वहिवाट टिकवते. कायद्याच्या प्रश्नावलीत तिला एकही प्रश्न विचारलेला नाही, आणि हा या सगळ्या कागदपत्रांतला मोठा अन्याय आहे. तिचा आवाज फक्त विधवेच्या पेन्शनच्या जबानीत येतो. ‘ते जड काम करू शकत नसत, ते मी आणि थोरला करायचो’ अशा अर्थाचं वाक्य तिथे मिळालं की जमिनीच्या फायलीतल्या पस्तीस एकरांचा खुलासा होतो. ती जबानी शोधल्याशिवाय काम पूर्ण झालं म्हणू नका.

तिसरा: त्या वर्षी माळावर काय झालं? १८७४ च्या उन्हाळ्यात टोळधाडीनं कॅन्सस, नेब्रास्का आणि डकोटातली पिकं खाल्ली. त्या वर्षाअखेरीस काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, पीक गेलेल्यांना पुढच्या उन्हाळ्यापर्यंत जमीन सोडून राहायची मुभा दिली, म्हणून १८७४-७५ मधली गैरहजेरी दिसली तर ती कायदेशीर असू शकते. त्याच हिवाळ्यात लष्करानं आपल्या कोठारांतले डगले आणि बूट माळावरच्या गरजू कुटुंबांना वाटले. नऊ वर्षांपूर्वी अंगावरून उतरवलेला फौजी डगला काहींच्या अंगावर पुन्हा आला, तो असा. १८७३ च्या एप्रिलमधलं बर्फाचं वादळ आणि १२ जानेवारी १८८८ चं वादळ याही तारखा कागदाच्या कडेला मांडून ठेवा.

जमिनीतल्या आणि पेन्शनमधल्या साक्षीदारांची नावंही ताडून बघा. ज्या शेजाऱ्यानं ‘यानं जमीन चांगली कसली’ अशी साक्ष दिली तोच दहा वर्षांनी ‘हा निम्मंच काम करतो’ म्हणून सांगत असेल, तर त्याच्या दोन्ही साक्षींना वजन आहे, कारण तो बांधाला बांध लावून राहत होता. लांबच्या, पलटणीतल्या सोबत्याची साक्ष युद्धापुरती धरा.

आकड्यांची तिसरी बाजू म्हणजे १८८० च्या जनगणनेतलं शेतीचं पत्रक. त्यात एकर, जनावरं, बुशेल या मापात धान्य, अंडीसुद्धा आहेत. पिकांचे आकडे मात्र १८७९ च्या हंगामाचे. हे न कळल्यानं वर्ष एकानं चुकतं आणि मग दुष्काळाच्या वर्षी भरघोस पीक लिहिलं जातं. नेब्रास्का आणि डकोटासाठी १८८५ चीही जनगणना आहे.

हमखास फसवणाऱ्या जागा

१८७२ च्या कायद्यात अशी सोय होती की ज्यानं आधी १६० एकरांपेक्षा कमी होमस्टेड घेतला त्या सैनिकाला उरलेली जमीन दुसरीकडे मिळावी. हे हक्क दलालांनी मुखत्यारपत्रांवर विकत घेतले आणि भलत्याच राज्यात वापरले. त्यामुळे तुमच्या नेब्रास्काच्या शेतकऱ्याच्या नावानं दूरच्या जंगलात चाळीस एकरांचा पट्टा निघाला तर तो तिथे राहिला होता असं लिहू नका. ‘बाउंटी वॉरंट’वरची, म्हणजे फौजेतल्या नोकरीचं बक्षीस म्हणून दिलेल्या हक्कपत्रावरची, जमीनही यादवी युद्धाची नव्हे. ती १८५५ पर्यंतच्या युद्धांमधल्या शिपायांची, आणि तीही बहुतेकांनी विकून टाकलेली.

सैनिकाला मुखत्यारामार्फत आधी जमीन नोंदवून सहा महिन्यांनी तिथे जाता येई. म्हणून नोंदणीची तारीख ही माळावर पाऊल ठेवल्याची तारीख नाही, आणि पट्ट्याची तारीख तर पुराव्यानंतर वर्ष-दोन वर्षांनी येते. राहायला गेल्याची तारीख प्रश्नावलीतूनच घ्या.

एकाच माणसाच्या नावावर शेजारी दुसरे १६० एकर दिसले तर १८७३ चा झाडांचा कायदा आठवा. चाळीस एकर, १८७८ पासून दहा एकर, झाडं लावून जगवली की जमीन मिळे, तिथे राहण्याची अट नव्हती. सुधारित नियमानं एकरी २,७०० झाडं लावायची आणि शेवटी ६७५ जिवंत दाखवायची. दुष्काळी माळावर हे फार थोड्यांना जमलं, म्हणून या अर्जांपुढे ‘रद्द’ असा शेरा दिसला तर दचकू नका.

सगळं जुळल्यावर पत्ता आजच्या उपग्रह नकाशावर टाका. सेक्शनच्या कडांचे रस्ते अजून एकेक मैलावर सरळ गेलेले दिसतात. चतकोराच्या कोपऱ्यात, आजच्या शेतात मधेच झाडांची एखादी आयताकृती रांग किंवा न नांगरलेला तुकडा दिसला तर तिथे विहीर, घर किंवा थडगी असण्याचा संभव असतो. काउंटीच्या स्मशान नोंदीत तो सेक्शन नंबर शोधा.